कुंपणच शेत खातं तेव्हा : फुफ्फुसाचा कॅन्सर, चुलीचा धूर आणि आपला सुरगाणा

माझ्या मामीने आयुष्यात एक विडी ओढली नाही. मिसरी नाही, तंबाखू नाही. तरी तिला फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला.

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक घरात चूल आहे आणि प्रत्येक पाड्यावर कुणीतरी खोकतंय. म्हणून वेळ काढून वाचा.

गेल्या पावसाळ्यात मामीला खोकला सुरू झाला. आवणीचे दिवस, त्यामुळे पंधरा दिवस कुणी लक्षच दिलं नाही. मग दवाखाना झाला. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा टीबीचे जंतू सापडले नाहीत. पण एक्स-रेत डाग होता, वजन उतरत होतं, आणि आपल्या भागात छातीत डाग म्हणजे टीबी हे गणित पक्कं आहे. गोळ्या सुरू झाल्या. महिना झाला, दोन झाले, पाच झाले. मामी अर्धी झाली. शेवटी मामेभावाने बैल विकला आणि शहरात नेऊन सीटी स्कॅन केला. तिथून पुढे सुईने तुकडा काढून तपासणी, आणि मग ते नाव.

हे कुठल्या दवाखान्यात झालं ते मी लिहिणार नाही. कारण ही एका डॉक्टरची चूक नाही. भारतभर असंच होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी पेशंट आधी काही महिने टीबीच्या गोळ्या खाऊन मग कॅन्सरच्या दवाखान्यात पोचतात. हे डॉक्टर मंडळी स्वतःच वर्षानुवर्षं लिहीत आली आहेत. दोन्ही आजारांत खोकला, दोन्हीत वजन उतरणं, दोन्हीत कधी थुंकीतून रक्त, दोन्हीत एक्स-रेवर डाग. जिथे टीबी जास्त, तिथे डॉक्टरला आधी टीबीच दिसणार.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. मामीबरोबर मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात दोन खेपा झाल्या. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागे पेनाने चित्र काढून मला एक गोष्ट समजावली. त्या म्हणाल्या, "सर, या गाठीत सगळ्याच पेशी कॅन्सरच्या नाहीत. त्यातल्या कितीतरी तुमच्या मामींच्या स्वतःच्या राखणदार पेशी आहेत. त्यांनी गाठीला मारायला हवं. पण त्या गाठीलाच सांभाळून घेतायत."

मी गप्प झालो. आपल्याकडे म्हण आहे ना, कुंपणच शेत खातं. तसंच हे. परत आल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचत बसलो. जे समजलं ते आपल्या भाषेत मांडतो.

राखणदार फितूर कसा होतो

फुफ्फुस ही शरीरातली सगळ्यात उघडी जागा. दिवसाला हजारो लिटर हवा आत-बाहेर होते. तिच्याबरोबर धूळ, धूर, जंतू, परागकण सगळं आत येतं. म्हणून फुफ्फुसात कायमचे राखणदार बसवलेले असतात. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात, आपण भक्षक पेशी म्हणू. आलेला कचरा गिळायचा आणि पचवायचा हे त्यांचं काम. दुसरं कामही त्यांच्याकडेच असतं. जखम झाली की ती भरून आणायची, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करायची, आणि लढाई संपली की बाकी सैन्याला "आता थांबा" असं सांगायचं. हे दुसरं कामही तेवढंच गरजेचं आहे. नाहीतर साध्या सर्दीनेही फुफ्फुसाची नासाडी झाली असती.

कॅन्सर नेमका या दुसऱ्या कामाचा फायदा घेतो. अमेरिकेतले डॉक्टर हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ साली लिहिलं होतं की गाठ म्हणजे कधीही न भरणारी जखम. गाठ सतत रसायनं सोडत राहते. भक्षक पेशींना वाटतं इथे जखम आहे, मदत करायला हवी. त्या येतात, वाढीची रसायनं देतात, रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात आणि बाकीच्या सैन्याला थांबवतात. जखम कधी भरत नाही, आणि मदत कधी थांबत नाही.

२०२१ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेत मिरियम मेराद यांच्या गटाने यातली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. फुफ्फुसातले कायमचे राखणदार गाठ अगदी बारीक असतानाच तिच्याभोवती जमतात. त्यांच्या संगतीत कॅन्सरच्या पेशी जास्त पसरणाऱ्या होतात. शिवाय हे राखणदार आणखी एका प्रकारच्या पेशी तयार करवतात, त्यांना रेग्युलेटरी टी-पेशी म्हणतात. या पेशींचं काम म्हणजे सैन्याला आवरणं. मग मारेकरी टी-पेशी गाठीपर्यंत आल्या तरी त्यांना पुढे जाऊ दिलं जात नाही. त्या गटाने उंदरांमध्ये हे राखणदार आधीच काढून टाकले, तेव्हा गाठी कमी वाढल्या.

पुढे २०२३ च्या अखेरीस याच संस्थेतून आणखी एक काम छापून आलं. त्यात असं दिसलं की फुफ्फुसातल्या गाठीचा हुकूम थेट हाडांच्या मज्जेपर्यंत चालतो. पांढऱ्या पेशी तयार होतात ती ही मज्जा. तिथेच एका रसायनामुळे, त्याचं नाव आयएल-४, पेशी अशा घडतात की पुढे त्या गाठीच्या कामाला लागतात. म्हणजे राखणदार शेतावर आल्यावर फितूर होतो असं नाही, तो घरून निघतानाच फितूर होऊन निघतो. हा आयएल-४ चा रस्ता अडवणारं एक औषध दमा आणि त्वचेच्या आजारासाठी आधीपासून बाजारात आहे. ते सहा पेशंटना इतर उपचारांबरोबर दिलं. एकाची गाठ जवळपास गेली. सहात एक. म्हणून लगेच नाचायचं कारण नाही. पण दिशा कळते.

आता चुलीकडे या

इथपर्यंत वाचून वाटेल की न्यूयॉर्कच्या उंदरांचं आपल्याला काय. थांबा. पुढची गोष्ट सरळ आपल्या स्वयंपाकघरात येते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या चार्ल्स स्वँटन यांच्या गटाने 'नेचर' मध्ये एक अभ्यास छापला. प्रश्न साधा होता. जे लोक सिगारेट ओढत नाहीत त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर का होतो? त्यांनी इंग्लंड, दक्षिण कोरिया आणि तैवान इथल्या सुमारे ३३ हजार पेशंटची माहिती पाहिली. या सगळ्यांच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड होता. न ओढणाऱ्यांमध्ये, विशेषतः बायकांमध्ये, हाच प्रकार जास्त दिसतो. मामीचा निघाला तोही हाच. जिथे हवेत बारीक कण जास्त, तिथे हा कॅन्सर जास्त, असं त्यांना आढळलं.

मला धक्का बसला तो पुढच्या भागाने. ज्यांना कॅन्सर नाही अशा फुफ्फुसांच्या तुकड्यांमध्येही असे जनुकातले बिघाड असलेल्या थोड्या पेशी सापडल्या. वय वाढतं तसे ते होतातच. त्या पेशी बिचाऱ्या नुसत्या पडून असतात, बांधावर पडलेल्या बियाण्यासारख्या. मग धुराचे बारीक कण येतात. ते गिळायला भक्षक पेशी धावतात. धावताना त्या आयएल-१ बीटा नावाचं सूज आणणारं रसायन सोडतात. त्या सुजेत पडून राहिलेलं बियाणं रुजतं. उंदरांमध्ये हे रसायन अडवल्यावर कॅन्सर होणं कमी झालं.

म्हणजे धूर नुसता विष म्हणून काम करत नाही. धूर राखणदाराला चिडवतो, आणि चिडलेला राखणदार बी रुजवतो.

हा अभ्यास बाहेरच्या हवेचा होता, चुलीचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण बारीक कण ते बारीक कणच. आणि आपल्या कुडाच्या घरात, पावसाळ्यात, ओल्या लाकडावर नागलीची भाकर भाजताना जेवढा धूर होतो तेवढा शहरातल्या चौकातही होत नसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने घरात दगडी कोळसा जाळल्याचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत टाकला आहे. लाकूड, गोवऱ्या यांचा धूर "बहुधा कॅन्सर करतो" अशा यादीत आहे. बाहेरची दूषित हवा २०१३ पासून पहिल्या यादीत आहे. मामी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली. पन्नास वर्षं झाली. तिच्या फुफ्फुसातल्या राखणदारांना पन्नास वर्षांत सुट्टी मिळाली नाही.

मामीला कॅन्सर चुलीमुळेच झाला असं मी छातीठोक म्हणणार नाही. एका माणसाबद्दल तसं कुणालाच म्हणता येत नाही. पण "विडी ओढत नाही म्हणजे छातीचा कॅन्सर होणार नाही" हे मात्र चूक आहे, आणि मामीचे पाच महिने काही प्रमाणात या समजुतीतच गेले. बाईमाणूस, ओढत नाही, मग टीबीच असणार.

आणि विडी ओढणाऱ्यांनी यातून सुटका करून घेऊ नये. फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आजही तंबाखूचा धूरच आहे. विडी सिगारेटपेक्षा हलकी, हा निव्वळ गैरसमज. चुलीचा धूर टाळता येत नाही म्हणून सोसावा लागतो. विडीचा आपण पैसे देऊन आणतो.

'इम्युनिटी वाढवा' वाल्यांना एक प्रश्न

कोरोनापासून आपल्या आठवडे बाजारातसुद्धा इम्युनिटीचा धंदा जोरात आहे. काढे, पावडरी, थेंब, रस. मामीच्या आजाराची बातमी फुटली तशी रोज एक बाटली घरात यायला लागली. "प्रतिकारशक्ती वाढली की गाठ आपोआप विरघळेल."

वरचं सगळं वाचून तुम्हीच सांगा. गाठीत राखणदार कमी नाहीत, ते फितूर आहेत. फितुरांची संख्या वाढवून किल्ला वाचतो का? हतगडावर पहारेकरीच दार उघडून देत असेल तर आणखी दहा तसलेच पहारेकरी ठेवून काय उपयोग? कॅन्सरमध्ये प्रतिकारशक्ती 'वाढवणं' हा प्रश्न नाही, तिला शुद्धीवर आणणं हा प्रश्न आहे. ते काम बाटलीतल्या रसाने होत नाही.

भगताकडे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातूनही गेले होते. मनाला आधार लागतो. पण भगताकडे गेलेली सकाळ आणि दवाखान्यात न गेलेले पाच महिने यात फरक आहे.

खरं औषध आहे, पण कुणासाठी

राखणदाराला शुद्धीवर आणणारी औषधं आली आहेत. जपानच्या तासुकु होंजो यांच्या गटाला १९९२ मध्ये टी-पेशींवर एक ब्रेक सापडला, पीडी-१. गाठ हाच ब्रेक दाबून टी-पेशींना थांबवते हे पुढे कळलं. ब्रेकवरचा गाठीचा पाय काढला की टी-पेशी पुन्हा कामाला लागतात. याच कल्पनेवर होंजो आणि अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निवोलुमॅब हे अशा औषधांपैकी एक, फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला २०१५ साली मंजुरी मिळाली. यामुळे काही पेशंट, जे पूर्वी वर्षभरही जगले नसते, ते कित्येक वर्षं जगतायत.

काही. सगळे नाहीत. बऱ्याच जणांवर ही औषधं चालत नाहीत, आणि का चालत नाहीत याचं एक मोठं कारण वर सांगितलेल्या फितूर भक्षक पेशीच आहेत. ब्रेक काढला तरी रस्ता त्यांनी अडवलेला असतो. मामीसारख्या ईजीएफआर प्रकारात तर ही औषधं सहसा कमीच चालतात. तिच्यासाठी वेगळी गोळी असते, रोज एक. मामी सध्या त्या गोळीवर आहे. खोकला कमी झालाय, अंगणात बसते, नातवाला ओरडते. गोळी कायम काम करणार नाही हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलंय. पण कुठली गोळी द्यायची हे कळायला तुकडा तपासावा लागतो, जनुकाची चाचणी लागते. ती झालीच नसती तर आज ही पोस्ट वेगळी असती.

आता पैशाचं. इम्युनोथेरपी वर्षभर पूर्ण मात्रेत घ्यायची तर खर्च कित्येक लाखांत जातो. इथे एक चांगली बातमी आपल्याच राज्यातून आहे, आणि ती मला जास्त मोठी वाटते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब अगदी थोड्या मात्रेत देऊन पाहिलं, दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० असते, म्हणजे हिशेब केला तर अठरावा हिस्सा. स्वस्तातल्या केमोच्या गोळ्यांबरोबर ते दिलं. १५१ पेशंटच्या या अभ्यासात, नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर सुमारे १६ टक्के जिवंत होते. थोडं निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. २०२२ च्या अखेरीस हे जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

हा अभ्यास फुफ्फुसाचा नव्हता, आणि एका कॅन्सरचं दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही. पण गरिबाला परवडेल अशा मात्रेचा प्रश्न गरीब देशातल्याच डॉक्टरांनी विचारला. औषध कंपनी तो कशाला विचारेल? कमी मात्रेत काम होतं हे सिद्ध करण्यात तिचा काय फायदा? हे संशोधन सरकारी पैशानेच व्हावं लागतं. "टॅक्सचा पैसा प्रयोगशाळेत कशाला" असं म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या बजेटमध्ये तीन कॅन्सरच्या औषधांवरची कस्टम ड्युटी काढली. त्यातली दोन, ओसिमर्टिनिब आणि डुरव्हॅलुमॅब, फुफ्फुसाच्या कॅन्सरचीच आहेत. पुढे जीएसटीही १२ वरून ५ टक्के झाला. चांगलं केलं, म्हणायलाच हवं. पण लाखाचं औषध नव्वद हजाराला झालं म्हणून पळसनच्या शेतमजुराला ते परवडत नाही.

मग मागायचं काय

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दरवर्षी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे ८० हजारांच्या आसपास नवे पेशंट निघतात, आणि ७५ हजारांच्या आसपास मरतात. हे दोन आकडे इतके जवळ का आहेत? कारण आपला पेशंट गाठ पसरल्यावर पोचतो.

सगळ्यांची सरसकट तपासणी करा अशी मागणी मी करणार नाही. साध्या एक्स-रेने सरसकट तपासून फायदा होत नाही हे सिद्ध झालंय. वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कमी किरणांच्या सीटीने मृत्यू कमी होतात, हे अमेरिकेत २०११ साली दिसलं. पण आपल्याकडे निम्म्या छात्यांवर जुन्या टीबीचे डाग असतील, तिथे ते किती जमेल हा वेगळा प्रश्न. माझ्या मागण्या साध्या आहेत.

१) थुंकीत जंतू सापडले नसताना टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, आणि दोन महिन्यांत वजन वाढलं नाही, खोकला गेला नाही, तर त्या पेशंटचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे. डॉक्टरच्या मर्जीवर नको, नियम म्हणून हवा. टीबीच्या प्रत्येक पेशंटची नोंद सरकारच्या नि-क्षय पोर्टलवर असतेच. दोन महिन्यांनी अशा नावांची यादी काढणं हे एका क्लिकचं काम आहे.

२) त्या सीटीसाठी जाण्यायेण्याचं भाडं आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी मिळाली पाहिजे. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी महिना हजार रुपये मिळतात, चांगली गोष्ट आहे. पण बाऱ्ह्याहून नाशिकला दोन माणसं नेऊन आणायची, एका दिवसात काम झालं नाही तर मुक्काम करायचा, याचा हिशेब कुणी मांडलाय का? लोक तपासणीला घाबरत नाहीत. भाड्याला घाबरतात.

३) महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख करायचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण योजना लागू होते निदान झाल्यावर. निदान होईपर्यंतचा खर्च, सीटी, तुकडा काढणं, जनुकाची चाचणी, हाच गरिबाला मारतो. मामेभावाचा बैल उपचारात नाही गेला, निदानात गेला. निदानाचा खर्चही योजनेत धरा.

४) उज्ज्वला योजना २०१६ ला आली, शेगड्या पाड्यापाड्यावर पोचल्या. खोटं कशाला बोलू. पण सिलिंडर भरून आणायला पैसे आणि गाडीभाडं दोन्ही लागतात. म्हणून शेगडी कोपऱ्यात आणि चूल मध्यभागी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली ५९ टक्क्यांहूनही कमी घरं स्वच्छ इंधनावर मुख्य स्वयंपाक करत होती. सिलिंडर गावात पोचवा, आणि दुर्गम तालुक्यांसाठी जादा अनुदान द्या. तोपर्यंत घरकुलाच्या नकाशात धुराडं असलंच पाहिजे अशी अट घाला. सिमेंटचं घर आलं आणि कुडाच्या फटीतून जाणारा धूरही आत कोंडला, असं व्हायला नको.

५) तीस वर्षांवरच्या लोकांची सरकारी कॅन्सर तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांच्यापुरती आहे. आशाताई घरोघर जातात तेव्हा त्यांना एवढंच शिकवा: तीन आठवड्यांच्या वर खोकला, थुंकीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं, आवाज बसणं. आणि विचारा, "किती वर्षं चुलीपुढे बसलात?" त्यासाठी आशाताईंना जादा मानधनही द्या. फुकटात सगळी कामं त्यांच्या डोक्यावर टाकायची सवय सोडा.

२०२२ च्या शेवटी आपल्या तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी "आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या" असं निवेदन दिलं, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. कुणी देशद्रोही म्हणालं नाही एवढंच. पण त्या निवेदनामागे रस्ते, पाणी आणि दवाखाना हेच होतं. आजही सीमेवरचा पेशंट धरमपूर, वलसाडकडे जातो, कारण ते जवळ पडतं. त्याला महाराष्ट्राचा राग नाही. त्याला श्वास घ्यायचाय.

याच तालुक्यातली माणसं मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, पायांची सालटं निघाली तरी. जमिनीसाठी चाललो. एका सीटी स्कॅनसाठी पुन्हा चालायला लावू नका एवढंच राज्यकर्त्यांना सांगणं आहे. मग ते कुठल्याही पक्षाचे असोत.

शेवटचं, आपल्या घरातलं

सरकारला सांगून झालं, आता स्वतःचं सांगतो. माझ्या घरी गॅस आहे. तरी भाकरी चुलीवरच होते. चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, हे मीच कौतुकाने सांगायचो. ती चव कुणाच्या छातीतून येते याचा विचार मी कधी केला नव्हता. मामीच्या आजारानंतर मागच्या पडवीत धुराडं बसवलं. खर्च फार नाही आला. लाकूड वाळवून वापरतो, आणि लहान पोरांना चुलीजवळ बसू देत नाही. बायको म्हणाली, "हे वीस वर्षांपूर्वी सुचलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राब भाजताना, शेकोटीला, कचरा पेटवताना जरा विचार करा. एका दिवसाच्या धुराने काही होत नाही. पण भक्षक पेशी रोजचा हिशेब ठेवतात.

आणि घरात कुणी टीबीच्या गोळ्या घेत असेल तर त्या बंद करू नका. कृपा करून या पोस्टचा असा अर्थ काढू नका. टीबी आपल्याकडे खरोखर आहे, आणि गोळ्यांनी बराही होतो. पण दोन महिन्यांत फरक नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "साहेब, थुंकीत जंतू सापडले होते का? नसतील तर सीटी करायचा का?" हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही. आम्ही तो पाच महिने विचारला नाही.

पटलं तर आपल्या पाड्याच्या ग्रुपवर टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. विशेषतः चुलीपुढे बसलेल्यांना.